जळजळ नव्हती, तरीही संसर्ग होता: गर्भारपणातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २७ वर्षांच्या एका स्त्रीचं आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे तिचं दुसरं गर्भारपण होतं. पहिली प्रसूती नैसर्गिक झाली होती आणि त्या वेळी काहीही अडचण आली नव्हती. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, मुतखड्याचा त्रास नाही. दोन गर्भारपणांच्या मधल्या काळात मात्र तिला दोनदा लघवीचा संसर्ग होऊन गेला होता आणि दोन्ही वेळा गोळ्यांनी तो बरा झाला होता. तिच्या तपासणीच्या कार्डावर याची नोंद नव्हती, कारण तिला हे कोणी विचारलं नव्हतं. आणि ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं तिलाही वाटलं नव्हतं.

पहिली तपासणी दहाव्या आठवड्यात झाली. रक्ताच्या सगळ्या चाचण्या झाल्या, लघवीची साधी तपासणीही झाली. पस सेल्स (पूच्या पेशी, म्हणजे संसर्गाची एक खूण) २-३, प्रथिनं नाहीत, साखर नाही. अहवाल चांगला होता. युरिन कल्चर केलं गेलं नाही.

साधी तपासणी आणि कल्चर यांतला फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. साध्या तपासणीत लघवीतल्या पेशी आणि काही रासायनिक खुणा दिसतात. कल्चरमध्ये लघवीतले जंतू वाढवून ते कोणते आहेत, किती आहेत आणि कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहिलं जातं. काही गर्भवतींच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जंतू वाढत असतात. हे प्रमाण साधारण शंभरात २ ते १० असं सांगितलं जातं. अशा जंतूंमुळे पस सेल्स वाढतीलच असं नाही, त्यामुळे साधा अहवाल स्वच्छ येऊनही जंतू असू शकतात.

समस्या: तेविसावा आठवडा

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तेविसाव्या आठवड्यातली भेट. पुढचं रुग्णालयातलं सगळं त्या मानाने सरळ होतं.

त्या भेटीत तिने तीन गोष्टी सांगितल्या. लघवीला फार वेळा जावं लागतं. ओटीपोटात जड वाटतं. आणि कंबर दुखते. तिला विचारलं गेलं, "लघवी करताना जळजळ होते का? उन्हाळी लागल्यासारखं वाटतं का?" ती "नाही" म्हणाली. ताप? नाही. मग तिला सांगितलं गेलं की गर्भपिशवी वाढते तसं हे होतंच, पाणी भरपूर प्या.

हे उत्तर निष्काळजीपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. गर्भारपणात वारंवार लघवी, ओटीपोटातला जडपणा आणि कंबरदुखी या तिन्ही तक्रारी इतक्या सर्रास असतात की प्रत्येकीमागे संसर्ग शोधत बसलं तर ओपीडी चालायची नाही. अडचण अशी की संसर्गाच्या खुणाही हुबेहूब याच असतात. म्हणून "वारंवार जावं लागतं का?" या प्रश्नाचा उपयोग नाही, त्याला जवळजवळ प्रत्येक गर्भवती "हो" म्हणते. "गेल्या आठ-दहा दिवसांत काय बदललं?" असं विचारलं की फरक कळतो.

नंतर वॉर्डात आम्ही तिला तसंच विचारलं, तेव्हा तिने जे सांगितलं ते असं: आधी ती दोन-अडीच तासांनी जायची आणि लघवी भरपूर व्हायची. त्या आठवड्यापासून दर अर्ध्या तासाने जावं लागायचं, आणि जेमतेम थोडीशीच व्हायची. जाऊन आलं तरी मोकळं वाटायचं नाही. घाई इतकी व्हायची की दोनदा कपडे ओले झाले. लघवी संपता संपता ओटीपोटात कळ यायची. लघवीला नेहमीपेक्षा उग्र वास होता. वाढत्या गर्भपिशवीने एवढं सगळं एकदम होत नाही. यातलं काहीही तिने लपवलं नव्हतं. तिला जळजळीबद्दल विचारलं गेलं, तिने जळजळीबद्दल खरं उत्तर दिलं.

त्याच दिवशी लघवीची साधी तपासणी झाली होती. अहवाल असा: पस सेल्स ८-१०, एपिथेलियल सेल्स भरपूर, नायट्राइट निगेटिव्ह. अहवाल दुसऱ्या दिवशी आला आणि फाइलला लागला. "एपिथेलियल सेल्स भरपूर" म्हणजे नमुन्यात त्वचेचा किंवा योनीमार्गाचा अंश मिसळला आहे, तेव्हा पस सेल्सही तिथूनच आल्या असतील, असा त्याचा अर्थ लावला गेला. गर्भारपणात अंगावरून पांढरं जास्त जातं, त्यामुळे हा तर्क चुकीचा नव्हता. पण मिसळ झालेल्या नमुन्यावरून संसर्ग आहे असं जसं म्हणता येत नाही, तसं तो नाही असंही म्हणता येत नाही. तो नमुना पुन्हा घ्यायला हवा, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

नायट्राइटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्या एका शब्दाने बरेच जण निश्चिंत होतात. लघवीतल्या नायट्रेटचं काही जंतू नायट्राइट करतात आणि लघवीत बुडवलेल्या चाचणीच्या पट्टीचा रंग बदलतो. पण त्यासाठी लघवी मूत्राशयात काही तास, साधारण चार तास, साठून राहावी लागते. जी स्त्री दर अर्ध्या तासाने लघवीला जाते, तिच्या मूत्राशयात जंतूंना तेवढा वेळच मिळत नाही. म्हणजे संसर्गाच्या ज्या लक्षणामुळे आपण चाचणी करतो, त्याच लक्षणामुळे चाचणी फसू शकते. शिवाय एन्टेरोकॉकस किंवा ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकससारखे जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर जंतू असण्याची शक्यता बरीच मोठी, निगेटिव्ह आलं तर मात्र त्यावर विसंबता येत नाही.

तेव्हा समोर असलेले पर्याय

त्या दिवशी तीन वाटा होत्या. पहिली, जी प्रत्यक्षात घेतली गेली: पाणी वाढवायचं आणि पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं. दुसरी: नीट पद्धतीने नमुना पुन्हा घ्यायचा, कल्चरला पाठवायचा आणि दोन-तीन दिवसांत अहवाल आला की औषध ठरवायचं. तिसरी: कल्चरचा नमुना घेऊन लगेच गर्भारपणात चालणारं अँटिबायोटिक सुरू करायचं आणि अहवाल आल्यावर गरज असेल तर बदलायचं.

लक्षणांचा बदल तिने वॉर्डात सांगितला तितका स्पष्ट कळला असता, तर मी तिसरी वाट घेतली असती. तो कळला नसता आणि हातात फक्त तो अहवाल असता, तर दुसरी. एक चौथी वाटही असते आणि ती बरीच वापरली जाते: कल्चर न करता अंदाजाने गोळ्या देणं. या प्रकरणात पुढे जो जंतू सापडला तो अॅम्पिसिलिनला दाद देत नव्हता. म्हणजे सवयीने त्याच जातीचं अमॉक्सिसिलिन दिलं असतं तर तिला उपचार मिळाल्याचं समाधान मिळालं असतं, आणि संसर्ग जागच्या जागी राहिला असता.

घरी काय झालं

पुढच्या बारा-तेरा दिवसांत तिने पाणी वाढवलं. घरात पूर्वीचं लघवीचं सिरप होतं, तेही घेतलं. अशी सिरपं लघवीची आम्लता कमी करतात, त्याने जळजळ असेल तर शमते, पण जंतू मरत नाहीत. तिला थोडं बरं वाटलं. मग एका संध्याकाळी उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली पाठीत दुखायला लागलं. रात्री हुडहुडी भरून ताप आला. पॅरासिटॅमॉल घेतल्यावर घाम येऊन ताप उतरला. गर्भारपणात पॅरासिटॅमॉल चालतं, ते घेण्यात काही गैर नव्हतं. पण ताप उतरला म्हणून सकाळपर्यंत थांबावं असं घरच्यांना वाटलं. पहाटे पुन्हा थंडी वाजली, तीन उलट्या झाल्या आणि पाणीही पोटात ठरेना. तेव्हा ते तिला घेऊन आले. पंचविसावा आठवडा सुरू होता.

रुग्णालयात

आली तेव्हा ताप १०२.६ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला ११८, रक्तदाब १००/६०, श्वास मिनिटाला २४. उजव्या बाजूला पाठीत, शेवटची बरगडी मणक्याला मिळते त्या कोनात, हलकी थाप मारली तर ती दचकत होती. बाळाचे ठोके १७२, आईच्या तापामुळे ते असे वाढतात. पोट अधूनमधून कडक होत होतं.

किडनीपर्यंत पोचलेला संसर्ग, म्हणजे पायलोनेफ्रायटिस, हा पहिला अंदाज होता. तरी बाकीच्या शक्यता तपासणं भाग होतं. गर्भारपणात अपेंडिक्सच्या दुखण्याची जागा बदलू शकते. मुतखडा असू शकतो. मुदतपूर्व कळांची सुरुवातही कंबरदुखीने होते.

उजवीकडेच का, हे तिच्या नवऱ्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्यांचे स्नायू सैलावतात आणि लघवी खाली सरकण्याचा वेग मंदावतो. त्यात वाढणारी गर्भपिशवी बहुधा थोडी उजवीकडे वळते आणि उजव्या मूत्रवाहिनीवर जास्त दाब येतो. पाय पडलेल्या नळीत पाणी तुंबावं तशी लघवी वर तुंबते. खाली मूत्राशयात जंतू असतील तर त्यांना किडनीपर्यंत चढणं सोपं जातं. म्हणूनच एरवी मूत्राशयापुरता राहिला असता असा संसर्ग गर्भारपणात वर जातो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत जातो.

पहिला निर्णय: दाखल करायचं की नाही. उलट्या नसत्या, ताप कमी असता, तर तोंडी औषधं देऊन घरी पाठवता येईल का, असा विचार गर्भवती नसलेल्या तरुण स्त्रीच्या बाबतीत होतो. इथे तो केला नाही. गर्भारपणातल्या पायलोनेफ्रायटिसमध्ये रक्तात संसर्ग पसरणं, फुप्फुसांत पाणी होऊन श्वास अडणं, किडनीचं काम तात्पुरतं मंदावणं आणि वेळेआधी कळा सुरू होणं हे सगळं घडू शकतं. दाखल केलं.

दुसरा निर्णय: अहवालाची वाट पाहायची का. नाही. लघवीचं आणि रक्ताचं कल्चर घेतलं आणि लगेच शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू केलं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नमुना, मग औषध, पण नमुन्यापायी औषधाला तासन्तास उशीर नको. जेंटामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा विचार झाला, पण किडनीवर आधीच ताण दिसत होता आणि बाळाच्या श्रवणावर परिणाम होण्याची चिंता होती, म्हणून ते मागे ठेवलं. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही मूत्राशयाच्या संसर्गाला चांगली औषधं, पण किडनीच्या ऊतींत ती पुरेशी पोचत नाहीत, त्यामुळे इथे त्यांचा प्रश्नच नव्हता. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातली औषधं गर्भारपणात टाळतात.

रक्ताच्या अहवालातले दोन आकडे सांगण्यासारखे आहेत. पांढऱ्या पेशी १८,४०० होत्या. गर्भारपणात या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, त्यामुळे एकट्या या आकड्यावरून काही ठरवलं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ घटक, १.० होतं. छापील कागदावर ते नॉर्मल दिसतं. पण गर्भारपणात किडनी जास्त रक्त गाळते आणि क्रिएटिनिन उतरलेलं असतं. त्यामुळे तिच्यासाठी १.० हा वाढलेला आकडा होता. प्रयोगशाळेने त्यावर खूण केली नव्हती.

तिसरा निर्णय सलाईनचा. उलट्यांमुळे शरीरातलं पाणी कमी झालं होतं, नाडी जलद होती, सलाईन हवंच होतं. पण या आजारात फुप्फुसांच्या केशवाहिन्या झिरपू लागतात आणि जास्त सलाईनने श्वासाचा त्रास वाढू शकतो. म्हणून किती गेलं आणि लघवी किती झाली याची दर तासाला नोंद ठेवली, श्वास आणि ऑक्सिजन पाहत राहिलो.

चौथ्या निर्णयावर आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. पोट कडक होत होतं, कळा थांबवणारं औषध द्यायचं का? तपासणीत गर्भाशयाचं तोंड बंद आणि लांब होतं. संसर्ग आणि ताप यांनी गर्भपिशवी चिडून असं आकुंचन पावते आणि ताप उतरला की बहुधा शांत होते. कळा थांबवणारी काही औषधं या आजारात फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका वाढवतात. म्हणून औषध न देता दोन तासांनी पुन्हा तपासायचं ठरलं. गर्भाशयाच्या तोंडात बदल झाला नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शनही त्यामुळे थांबवलं. तोंड उघडायला लागलं असतं तर दोन्ही निर्णय तत्काळ बदलले असते, आणि तसं लिहूनही ठेवलं होतं.

परिणाम

दुसऱ्या दिवशीही ताप आला, पण पहिल्यापेक्षा कमी. घरचे घाबरले. त्यांना आधीच सांगितलं होतं की योग्य औषध असलं तरी ताप उतरायला ४८ ते ७२ तास लागू शकतात, आणि त्यानंतरही राहिला तर मुतखडा, गळू किंवा न जुमानणारा जंतू शोधावा लागतो. तिचा ताप ४४ तासांनी उतरला. पोट कडक होणं त्याआधीच थांबलं होतं. बाळाचे ठोके १४० वर आले.

कल्चरमध्ये एका मिलिलिटरला एक लाखाहून जास्त ई. कोलाय जंतू आढळले. गर्भारपणातल्या बहुतेक संसर्गांत हाच जंतू असतो. तो सेफ्ट्रायॅक्सोन, सेफॅलेक्सिन आणि नायट्रोफ्युरँटॉइनला दाद देत होता. रक्ताचं कल्चर निर्जंतुक आलं. सोनोग्राफीत उजवी किडनी थोडी फुगलेली दिसली, पण खडा नव्हता. इतपत फुगवटा निरोगी गर्भवतींमध्येही दिसतो. हिमोग्लोबिन ११.२ वरून ९.८ वर आलं. सलाईनने रक्त पातळ होतं आणि जंतूंच्या विषामुळे तांबड्या पेशीही फुटतात. क्रिएटिनिन चौथ्या दिवशी ०.६ झालं.

ताप गेल्यावर दोन दिवसांनी शिरेतलं औषध थांबवून सेफॅलेक्सिनच्या गोळ्या दिल्या आणि एकूण १४ दिवसांचा कोर्स पूर्ण केला. पाचव्या दिवसापासून तिला एकदम ठणठणीत वाटत होतं. गोळ्या याच टप्प्यावर सुटतात, म्हणून शेवटची गोळी कोणत्या तारखेला घ्यायची ते पाकिटावर लिहून दिलं.

कोर्स संपल्यावर एक आठवड्याने पुन्हा कल्चर केलं. ते निर्जंतुक आलं. आधीचे दोन संसर्ग आणि हा तिसरा लक्षात घेऊन रोज रात्री नायट्रोफ्युरँटॉइनचा छोटा डोस सुरू केला, त्याआधी जी६पीडी या एन्झाइमची चाचणी करून घेतली. हे एन्झाइम कमी असेल तर या औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात. नवजात बाळालाही तो धोका असतो, म्हणून छत्तिसाव्या आठवड्यात ते बंद करून सेफॅलेक्सिनवर आणलं. दर महिन्याला कल्चर होत राहिलं. एकोणचाळिसाव्या आठवड्यात २.९ किलोची मुलगी झाली, दोघी सुखरूप. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी केलेल्या सोनोग्राफीत उजव्या किडनीचा फुगवटा गेलेला होता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या तिमाहीतलं कल्चर हा पहिला मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, लक्षणं नसतानाही गर्भवतींच्या लघवीतले जंतू शोधण्यासाठी कल्चर ही शिफारस केलेली पद्धत म्हटली आहे आणि जंतू सापडल्यास सात दिवसांचं अँटिबायोटिक सुचवलं आहे. याला दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, लक्षणं नसलेल्या आणि उपचार न झालेल्या स्त्रियांत पायलोनेफ्रायटिसचं प्रमाण जुन्या अंदाजांपेक्षा बरंच कमी निघालं. पण त्या स्त्रियांचं गर्भारपण कमी जोखमीचं होतं. आमच्या रुग्णाला आधी दोनदा संसर्ग होऊन गेला होता. सगळ्यांचं कल्चर करावं की नाही यावर वाद होऊ शकतो, तिचं करावं यावर होऊ नये. त्यासाठी पहिल्या भेटीत एक प्रश्न हवा होता: "याआधी कधी लघवीचं इन्फेक्शन झालं होतं का?"

तेविसाव्या आठवड्यात नमुना पुन्हा घेतला गेला असता तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. खात्रीने सांगता येत नाही, काही वेळा संसर्ग दोन-तीन दिवसांतही वर चढतो. पण इथे जवळजवळ दोन आठवडे हाताशी होते.

नमुना कसा द्यायचा हे तिला दोन्ही वेळा कोणी सांगितलं नव्हतं. तिने डबी घेतली आणि सुरुवातीची लघवी भरून दिली. मी हे आता प्रत्येकीला तोंडी सांगतो, कारण भिंतीवरचा कागद कोणी वाचत नाही: हात धुवा, पुढून मागे पुसून घ्या, बाहेरचे ओठ बाजूला धरा, पहिली धार जाऊ द्या, मधली धार डबीत घ्या, डबीच्या आतून बोट लावू नका. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. उशीर झाला तर बाटलीतच जंतू वाढतात आणि अहवाल खोटा वाढीव येतो. आणि नमुना देण्याआधी मुद्दाम खूप पाणी पिऊ नका, लघवी पातळ होते.

घरी पाठवताना तिला काय सांगितलं गेलं, हाही मुद्दा आहे. "पाणी प्या" याच्यापुढे एक वाक्य लागत होतं: थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखलं, उलट्या झाल्या, पोट कडक व्हायला लागलं किंवा लघवीत रक्त दिसलं, तर ताप गोळीने उतरला तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी या. ती आणि तिचा नवरा दोघंही सांगितलेलं पाळणारी माणसं होती. पाणी त्यांनी खरोखरच भरपूर वाढवलं होतं.

वॉर्डात आमच्या बाजूने एक बदल झाला. गर्भवतीच्या अहवालावर क्रिएटिनिन ०.८ च्या वर असेल तर हाताने खूण करायची, छापील मर्यादा काहीही असो. आणि ओपीडीत "जळजळ होते का?" हा प्रश्न आता शेवटी येतो. त्याआधी विचारलं जातं: एका वेळी किती होते, जाऊन आल्यावर मोकळं वाटतं का, रात्री किती वेळा उठता, आणि हे कधीपासून असं आहे?